झुरळांसाठी खायचा सोडा + पिठीसाखर : कोणाचा खरा अनुभव आहे का?

ओवी_पुणे
नमस्कार मंडळी. किचनमध्ये झुरळं झालीत. मोठी लाल उडणारी नाहीत, ती बारकी, तांबूस-पिवळी, मिक्सर उचलला की चहूकडे पळणारी. रात्री पाणी प्यायला उठून लाईट लावला की ओट्यावर संमेलनच भरलेलं असतं. घरात रांगणारं बाळ आहे, जमिनीवर जे सापडेल ते थेट तोंडात, त्यामुळे फवारणी करून घ्यायची हिंमत होत नाहीये. सासूबाईंच्या भिशीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलंय की खायचा सोडा आणि पिठीसाखर सारख्या प्रमाणात मिसळून झाकणांत भरून कोपऱ्यांत ठेवा, झुरळं साखरेच्या लोभाने खातात आणि पोटात गॅस धरून मरतात. ऐकायला भारी वाटतं आणि दोन्ही वस्तू घरातच आहेत. पण खरंच कोणी करून बघितलंय का? "करून बघा, नक्की फरक पडेल" वाले प्रतिसाद नकोत प्लीज, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

चकली
वाचतेय. आमच्याकडेही हेच पाहुणे.

निवांत
गॅस धरतो तर वर चिमूटभर ओवा पण ठेवा, बिचारं सुटेल तरी. (हलके घ्या.)

मुंबईकरीण
मी केलंय. ऐन पावसाळ्यात केलं हा एक मुद्दा. आमच्याकडे जुलैत मीठ सुद्धा बरणीत पाणी सोडतं, तर त्या सोडा-साखरेचं दोन दिवसांत दगडासारखं ढेकूळ झालं. झुरळं त्याच्या बाजूने फिरून सिंकखालच्या डस्टबिनकडे जायची, म्हणजे घरात बटाटेवड्याचा चुरा असताना कोरडी साखर कोण खाणार. मेलेलं एकही दिसलं नाही. साखरेला मुंग्या मात्र रांग लावून आल्या, आणि मग मुंग्यांसाठी हळद, हळदीचे डाग पुसायला लिंबू... असा सगळा स्वयंपाक जमिनीवर झाला.

सातारी_तर्री
सोडाबिडा काय नाय हो. आमच्यात आईनं कायम बोरिकच्या गोळ्या केल्या. कणीक घ्यायची, तेवढीच बोरिक पावडर, चमचा-दोन चमचे साखर, दुधात घट्ट मळायचं आणि हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळून सिलेंडरच्या मागं, फडताळात, देव्हाऱ्याच्या खाली. काही जण कांदा किसून घालतात, त्याचा वास लांबवर जातो म्हणत्यात. दिवाळीची साफसफाई झाली की हे ठरलेलं. कॅरमची पावडर उरलेली असायची, तीच वापरायची. आठ-दहा दिवसांत फरक. एकदा मात्र मोठ्या चुलत्यानं साखरफुटाणा समजून उचलली होती, तोंडापर्यंत नेली तोवर आजी किचाळली. तेव्हापासनं गोळ्यांत हळद घालून पिवळ्या करतो.

जर्सीची_माय
+१ बोरिकला. इकडे अमेरिकेत ते झुरळांची पावडर म्हणून हार्डवेअरच्या दुकानात पिचकारीच्या बाटलीत मिळतं, १९४८ पासून कीटकनाशक म्हणून नोंदलेलं आहे. आमच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये शेजारच्यांकडून यायची, प्लंबिंगच्या भोकांतून. बाटली दाबून भोकांत पावडर मारली आणि भोकं बुजवली, बंद झाली. गंमत म्हणजे माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणे त्यासाठी अमेरिकेला जायची काय गरज होती.

शास्त्रोक्त
राहुरीला कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र केलंय, त्यामुळे हात शिवशिवले.

आधी सोडा. फॉरवर्डमधली थिअरी अशी की सोड्याचा पोटात वायू होतो आणि झुरळाला ढेकर देता येत नाही. सोड्यातून वायू निघायला आम्ल लागतं. झुरळाच्या अन्नमार्गात आपल्या जठरासारखं जहाल आम्ल नसतं, किंचित आंबट ते साधारण उदासीन एवढंच. शिवाय त्याने खाल्ला पाहिजे तो पुरेसा, आणि ती जात भलतीच चोखंदळ. एखादं कोंडून ठेवलेलं उपाशी झुरळ मरेलही, पण तुमच्या ट्रॉलीतलं झुरळ कोंडलेलं नाही आणि उपाशी तर अजिबात नाही. मुंबईकरीण यांनी सांगितलं तेच होणार.

बोरिक ॲसिडचं वेगळं आहे. ते झुरळाने खायलाच हवं असं नाही. कोरडी बारीक भुकटी त्याच्या पायांना आणि मिशांना चिकटते, आणि झुरळ मांजरासारखं दिवसभर स्वतःला चाटून साफ करत असतं, मिशी तोंडातून ओढून घेतं, तेव्हा ती पोटात जाते. मरायला काही दिवस लागतात, त्यामुळे लोकांना वाटतं उपाय फसला आणि ते तिसऱ्या दिवशी सगळं पुसून टाकतात. दुसरी चूक म्हणजे ढीग घालणे. पांढरा ढीग दिसला की झुरळ वळसा घालून जातं. दिसेल न दिसेल इतका पातळ थर हवा, तोही कोरड्या जागी. गोळीचं म्हणाल तर ओली असेपर्यंत खातात, वाळून खडा झाली की नाही. म्हणून दिवाळीला ठेवलेली गोळी गुढीपाडव्यापर्यंत काही करत नाही, ती फक्त आपल्या समाधानासाठी.

आणि धागाकर्तीने वर्णन केलंय ते जर्मन झुरळ. डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा दिसतील, बघा. मोठं लाल ते अमेरिकन, ते गटारातून मोरीच्या जाळीतून वर येतं. जर्मन मात्र घरातच जन्मतं, घरातच मरतं. मादी अंड्यांची कुपी पिल्लं बाहेर पडायची वेळ येईपर्यंत पाठीमागे लटकवून फिरते, एका कुपीत तीसचाळीस अंडी. त्यामुळे मोठी मेली तरी पंधरा दिवसांनी पुन्हा बारकी दिसतात, ती परत आलेली नसतात, नव्याने जन्मलेली असतात.

निवांत
जर्मन? मग पासपोर्ट तपासा आणि परत पाठवा.

शास्त्रोक्त
@निवांत, पाठवणार कुठे? नाव लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७६७ साली दिलं, त्याला ते युरोपात दिसलं म्हणून. २०२४ मध्ये जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात निघालं की ही जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात एशियन झुरळापासून वेगळी झाली. म्हणजे ते आपलंच, माणसाच्या मागे लागून जगभर गेलं.

निवांत
म्हणजे सातवाहनांच्या मुदपाकखान्यात पण होतं. ओवीताई, तुमच्या ओट्यावर वारसा आहे, जपा.

बटवा
एवढं बोरिक बोरिक चाललंय, तर एक सांगते. आमच्याकडे वर्षाचे तांदूळ भरताना त्याला बोरिक पावडर चोळायची पद्धत आहे, आई-आजी सगळ्यांनी केलं, दोन-तीन पाण्यात धुतलं की जातं. कोणाला काही झालं नाही. मग झुरळाच्या गोळीची एवढी भीती का?

डॉ_खोडरबर
@बटवा, कारण इथे बाळ रांगतंय. बोरिक ॲसिड मोठ्या माणसाच्या बोटाला लागून काही होत नाही हे खरं, पण लहान मुलाच्या पोटात गेलं तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. पूर्वी लंगोटाच्या पुरळावर बोरिक पावडर सर्रास लावायचे, सोललेल्या त्वचेतून ती अंगात भिनून तान्ही बाळं दगावली तेव्हा ते बंद झालं. खाण्याच्या पदार्थात ते घालायला परवानगी नाही. तांदळाला चोळलेलं धुऊन निघतं म्हणता, पण घाईत एका पाण्यात धुवून कुकरला लावणारेही असतात, आणि डब्यातला शेवटचा तांदूळ म्हणजे तळाशी साठलेली सगळी पावडर. माझा स्पष्ट विरोध आहे. आणि कणीक-दूध-साखरेची गोळी ही तर खाऊसारखीच करतो आपण, बाळाला झुरळापेक्षा जास्त आवडेल. सातारी_तर्रींचे चुलते मोठे होते, त्यांनाही मोह झाला!

"घरगुती" म्हणजे निरुपद्रवी नाही, एवढंच म्हणणं.

सातारी_तर्री
डॉक्टर, चुलते अजून ठणठणीत आहेत, एकदम ओके. पण पॉइंट मान्य. आमच्यात पोरं मोठी होती तवा.

वर्धेकर_भाऊ
आमच्या इकडे गव्हात बिबा टाकतात अन् कडुलिंबाचा पाला. बिबा हाताला लागला तर उततो बाप्पा, म्हणून आई चिंधीत बांधून टाके. पाऱ्याच्या गोळ्या पण टाकत पूर्वी, त्या मी बंद केल्या. पण तुरीच्या डाळीला एरंडेल, त्याच्याइतकं भारी काहीच नाही. वर्षभर भुंगा दिसत नाही.

शास्त्रोक्त
एरंडेल बरोबर आहे आणि त्याचं कारणही छान आहे. मूग, चवळी, हरभऱ्यावर पांढरे ठिपके दिसतात ना, ती भुंगेऱ्याची अंडी, दाण्याच्या वर चिकटवलेली. तेलाचं पातळ बोट फिरलं की अंड्याला हवा मिळत नाही आणि भुंगेऱ्याला गुळगुळीत दाण्यावर नवीन अंडं चिकटवता येत नाही. किलोला एक लहान चमचा पुरतो. तांदळाला मात्र हे चालणार नाही, कारण सोंडकिडा दाणा कोरून अंडं आत घालतो आणि भोक बुजवून टाकतो. वरून काहीही चोळा, आतला आतच. तांदूळ कडक उन्हात टाकला तर तडकतो, तुकडा होतो. रवा, मैदा, बेसन आणि थोडे तांदूळ असतील तर सरळ चार दिवस फ्रीझरमध्ये, मग बाहेर काढून गारवा गेल्यावरच डबा उघडायचा, नाहीतर पाणी सुटतं.

एक कळकळीची विनंती. गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कोणी ओळखीच्या दुकानदाराकडून घरच्या धान्यासाठी आणू नका. हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, बंद खोलीत झोपलेली माणसं जातात. यात गंमत नाही.

चकली
बापरे. आमच्या वाण्याने दिल्या होत्या तशा गोळ्या एकदा. घरात बोलते आज.

पणजीचो_पाव
अवांतर, पण मुंग्यांचं राहिलं. हळदीची रेघ मारली की मुंग्या थांबतात हे मी पाहिलंय, साखरेच्या डब्यात चार लवंगा टाकतो त्याचाही उपयोग होतो. हे पण फॉरवर्डवाल्यांचंच खूळ का?

शास्त्रोक्त
नाही, यात तथ्य आहे. मुंगी वासाच्या रेघेवर चालते, हळद, व्हिनेगर, साबणाचं पाणी काहीही फिरवलं की रेघ मोडते आणि मागच्या मुंग्या गोंधळतात. लवंगेतलं युजेनॉल त्यांना नको असतं. पण बीळ तिथेच आहे, तासा-दोन तासांत दुसरी वाट निघते. हळदीने मुंग्या मरत नाहीत, रस्ता बदलतात.

मुंबईकरीण
आमच्या बीएमसीसारखं. डायव्हर्जन.

कोरा_कागद
अंड्याची टरफलं, मोरपीस, पाल यावर कोणी बोलेल का? टरफलं ट्यूबलाईटमागे ठेवली तर पाल त्याच्यावरच बसून होती.

निवांत
पाल राहू द्या हो, तीच झुरळं खाते. फुकटातलं पेस्ट कंट्रोल.

मुंबईकरीण
निवांत, स्वयंपाक तुम्ही करता का घरात? नाही ना. मग पालीबद्दल मत देऊ नका.

ओवी_पुणे
धागा पालीवर गेला, आता काही खरं नाही :) सगळ्यांचे आभार. सोडा बाद झाला एवढं कळलं, बोरिकची गोळी बाळामुळे बाद. मग करू काय? झुरळांच्या जेलबद्दल (ती थेंब-थेंब लावायची विषारी आमिषाची पेस्ट) दोघींनी माझ्या विचारपुशीत सांगितलंय, पण ते पण विषच ना? आणि आम्ही मागच्या वर्षी एका कंपनीचं वार्षिक कंत्राट घेतलं होतं, तो माणूस दर तीन महिन्यांनी येऊन पाच मिनिटांत स्प्रे मारून सही घेऊन जायचा, झुरळं तेवढ्यापुरती हॉलमध्ये यायची आणि आठवड्याने परत ओट्यावर.

गल्लीतला_सचिन
माझा धाकटा भाऊ याच कामात आहे, त्याला धागा वाचून दाखवला तर हसत सुटला. त्याचं म्हणणं त्याच्याच भाषेत लिहितो.

"वहिनी, स्प्रेने झुरळं पळतात आणि भिंतीच्या फटीत आत शिरतात, म्हणून तर हॉलमध्ये दिसली. बारक्या झुरळाला जेलच. पण जेल असं मारायचं की दिसलं नाही पाहिजे. मसुराएवढा थेंब, ट्रॉलीच्या चॅनलच्या मागे, कपाटाच्या बिजागरीत, सिंकच्या खाली पाइप भिंतीत घुसतो तिथे, फ्रिजच्या मागे मोटरपाशी, कारण तिथे ऊब असते. बाळाचा हात तिथे जात नाही, तरी सगळ्यात खालच्या ट्रॉलीत मारू नका. जेल मारल्यावर त्या भागात स्प्रे, फिनेल, तो झुरळांचा खडू काहीच नको. वास आला की खात नाहीत. जेल खाऊन मेलेलं झुरळ आणि त्याची घाण बाकीची खातात, ती पण मरतात. आणि जेल मारायच्या आधी ट्रॉल्या काढा! लोक ट्रॉल्या काढत नाहीत आणि मग म्हणतात जेल चालत नाही."

विषच आहे हे तो पण मान्य करतो. पण थेंब आणि अख्ख्या घरात फवारा यात फरक आहे.

शास्त्रोक्त
भाऊ हुशार आहे. त्यात एक भर. सगळी झुरळं गोडाला भुलतात असं नाही. अमेरिकेत १९९३ साली नोंद झाली की काही जर्मन झुरळं ग्लुकोज घातलेलं आमिष तोंड फिरवून टाकून देतात, आणि २०१३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या संशोधकांनी दाखवलं की त्यांच्या जिभेला, म्हणजे चवीच्या केसांना, ग्लुकोज कडू लागतं. पिढ्यानपिढ्या गोड आमिष खाणारी मेली, तोंड वाकडं करणारी उरली. म्हणून एकाच जेलने फरक पडेना तर जेल बदलायचं, नुसतं प्रमाण वाढवायचं नाही. साखर घातली की झुरळ येणारच हा फॉरवर्डमधला दुसरा गैरसमज.

बटवा
झुरळांना पण डायबेटिसची काळजी! आमच्या ह्यांना दाखवते.

डॉ_खोडरबर
जेलला माझा विरोध नाही, जागा नीट निवडली तर. त्या खडूला आहे. रांगणारं मूल असेल तिथे जमिनीवर खडूची रेघ मारू नका, त्यात पण कीटकनाशकच असतं आणि वर तो दिसतो पाटीवरच्या खडूसारखा.

गल्लीतला_सचिन
अजून एक विसरलो. भाऊ म्हणतो चिकट पॅड आणा, चार ठिकाणी रात्री ठेवा, जिथे जास्त अडकतील तिथेच अड्डा. जेल तिथे. सगळ्या घरात मारत बसू नका.

ओवी_पुणे
हे पटलं. रविवारी नवऱ्याला कामाला लावते.

ओवी_पुणे
अपडेट. रविवारी सगळ्या ट्रॉल्या काढल्या. लिहायला पण कसंतरी होतंय. कटलरीच्या ट्रॉलीच्या चॅनलमागे, जिथे आपला हात कधीच जात नाही तिथे, मिरपूड सांडल्यासारखी काळी घाण, आणि तिथेच पडलेल्या त्या तपकिरी कुप्या, सात-आठ मिलिमीटरच्या, एकीला उघडी शिवण असावी तशी फट. टॉर्च धरून नवरा म्हणाला "हे आपल्या घरात होतं?" आणि मग आम्ही दोघं बराच वेळ काही बोललोच नाही, फक्त व्हॅक्यूम फिरवत बसलो. सिंकखालचा पाइप भिंतीत जातो तिथे दोन बोटं जाईल एवढं भोक, बिल्डरने कधी बुजवलंच नव्हतं, पलीकडे सरळ डक्ट. ते पांढऱ्या सिमेंटने बुजवलं. पॅडवर सगळ्यात जास्त फ्रिजमागे सापडली, ओट्यावर नाही. तिथे आणि बिजागऱ्यांत जेल.

आणि फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे! तो असतो हेच माहीत नव्हतं. अर्धा भरलेला.

शास्त्रोक्त
ट्रे सापडला हे सगळ्यात चांगलं झालं. झुरळ खाणं नसलं तरी पाण्यावर महिनाभर काढू शकतं, पाणी नसेल तर साधारण दोन आठवडे सुद्धा निघत नाहीत. रात्री सिंक कोरडं पुसून, भांडी पुसायचं फडकं बाहेर वाळत टाकून झोपा, सोड्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. पंधरा दिवसांनी बारकी दिसतील, घाबरू नका, जेल पुन्हा मारा.

मुंबईकरीण
शेजाऱ्यांना पण सांगा ओवी. डक्ट एकच असतो, तुम्ही मारलं की ती त्यांच्याकडे, त्यांनी मारलं की तुमच्याकडे. आमच्या विंगने एकाच दिवशी करून घेतलं तेव्हा सुटलो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय पार्किंगनंतर घेतात, तोपर्यंत सगळे भांडून घरी गेलेले असतात, म्हणून आधी घ्यायला लावा.

ओवी_पुणे
सेक्रेटरींना मेसेज टाकला. "लक्षात ठेवतो" असं उत्तर आलंय.

निवांत
म्हणजे झालंच काम.

रानमेवा
वरचे प्रतिसाद वाचले नाहीत, वेळ नाही. पण खायचा सोडा आणि पिठीसाखर ठेवून बघा, रामबाण आहे.

चकली
@रानमेवा _/\_

कोरा_कागद
चिलटांसाठी वेगळा धागा काढू का इथेच विचारू? केळ्यांवर घोंघावतात.

सातारी_तर्री
हितंच इचारा. वाटीत थोडं व्हिनेगर, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, वरनं कागद आणि कागदाला बारकी भोकं. साबण पाहिजेच, नाहीतर ती पृष्ठभागावर बसून पिऊन परत जात्यात. आणि केळी झाकून ठेवा, नाहीतर वाटीकडं कोण बघतंय.